ताणावरचा बगीचा

१

मनकर्णाबाईला कवितेचा नाद लागला तो उतारवयात, अन् तोही फोनवरून.

शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती. अक्षरं म्हणजे तिच्या लेखी कागदावर चालणाऱ्या मुंग्या. पण कान असे तिखट, की एकदा पडलेलं सुटायचं नाही. कोणाच्या लग्नात वरण खारट झालं होतं, कोणत्या पुरात मोहगावच्या नाल्यातून कोणाची म्हैस वाहत गेली अन् कुठं जाऊन निघाली, हे कोणाला हवं झालं की तिलाच विचारायचं. "आमची आई म्हंजे भरलेलं कपाट हाय," तिचा पोरगा अंकुश म्हणायचा, "फक्त त्याले कुलूप नाई."

अंकुशची पोरगी चंचल पांढुर्ण्याला एका शाळेत शिकवायची. तिथंच रेल्वेलाइनीला लागून खोली घेऊन राहायची. इकडं सौंसरच्या घरी आजीशी दिवसभर निवांत बोलायला कोणी नाही, म्हणून दुपारच्या सुट्टीत खोलीवर येऊन ती एखादी कविता वाचून, आवाज भरून फोनवर पाठवायची. पहिली पाठवली ती अवघड होती. मनकर्णाबाईनं तीनदा ऐकली अन् उलट फोन लावला.

"हे काय व्हय गं पोट्टे? गाठोडं देल्लं, पन गाठ सोडायची कशी ते नाई सांगितलं."

चंचल हसली. दुसऱ्या दिवशी तिनं सोपी धाडली. मागून मालगाडी धडधडत होती, अन् त्या धडधडीतून पोरीचा आवाज येत होता:

तळ्याकाठी बसले होते,
तळे काही बोलले नाही.
मीही काही पुसले नाही,
कुणाचेच अडले नाही.

मनकर्णाबाई चुलीपुढं बसल्या जागी थांबली. अशी ती स्वतः बसली होती. नाल्याच्या काठी, मालक गेले त्या वर्षी, कितीतरी दिवस. कोणी पाहिलं तिला? कोणी सांगितलं त्या लिहिणाऱ्याला?

मग रोजच एक येऊ लागली. बगळ्याची, वाळल्या पानाची, वाट चुकलेल्या ढगाची. कोणाला समजावून सांगावं लागत नाही अशी. दाणा तोंडात टाकला अन् गोडी लागली, असं. तिच्या मायचं गाणंही असंच सोपं होतं. माय तिच्या लहानपणीच गेली. फोटो नाही, लुगड्याची चिंधी नाही. चार ओळींचं एक गाणं तेवढं मागं राहिलं, जे माय वावराच्या राखणीला बसून पोरीसाठी म्हणायची. मनकर्णाबाई ते कधी कोणापुढं म्हणत नसे. झोपण्याआधी मनातल्या मनात म्हणायची, अन् म्हटलं की मायचा चेहरा यायचा. हनुवटीवर हिरवं गोंदण, नाकात बारीक मुरणी. गाण्याशिवाय येत नसे. दिवसा कितीही आठवून पाहिलं तरी नुसतं लुगडं दिसायचं, तोंड नाही.

२

त्यांचा संत्र्याचा बगीचा गावाबाहेर, मोहगावच्या वाटेवर. संत्र्याचं झाड सुखासुखी फुलत नाही, त्याला आधी तहान लावावी लागते. पौषाच्या थंडीत पाणी तोडतात. पानं मलूल होतात, मग वळतात, झाडाला वाटतं आता काही आपण जगत नाही. अशा वेळी पाणी सोडलं की ते घाईघाईनं अंगभर फुलून येतं. याला ताण देणं म्हणतात. ताणाच्या दिवसांत बगीच्यात काम काहीच नसतं. कोणी फिरकत नाही. मोटर बंद, नळ्या कोरड्या, पायाखाली पानांचा चुरा.

मनकर्णाबाई मात्र जायची. तहानलेल्याला एकटं टाकून कसं चालेल, असं तिला वाटे. भाकर खाऊन दुपारची निघायची, मधल्या एका झाडाखाली पोतं टाकायची अन् कविता म्हणायची. मोठ्यानं. ऐकायला कोणी नाही, म्हणून लाज नाही. अशीच एका दुपारी तिनं तळ्याची म्हटली, पूर्ण, थांबत थांबत, हातानं पाण्याचा काठ दाखवत.

म्हणून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, की राघू ओरडत नाहीत. मघापर्यंत बांधावरच्या कडुनिंबावर त्यांची शाळा भरली होती. होते तिथंच, हिरवे हिरवे, डहाळीवर. पण गप्प. वाराही नव्हता. मग एक पान पडलं अन् पुन्हा सारं सुरू झालं.

ती पोतं झटकून घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकुश फटफटीवरून बगीच्यात चक्कर मारून आला तो तणतणतच.

"आई, पानी सोडलं काय तू?"

"मी कायले सोडू?"

"मधलं एक झाड फुलून राहिलं. एकच! आजूबाजूचे तहानेनं वाळले अन् ते नवरीसारखं सजून उभं हाय. तुले त्या झाडाखाली बसायचा नाद. घागरभर ओतलं असशील दयेनं. फुलोऱ्याचा सारा बार मागंपुढं होते अशानं, समजते का तुले?"

"तुह्या बापाच्या हातचा बगीचा हाय तो. मले शिकवतं काय ताण म्हंजे काय ते?"

दोघं मिळून पाहायला गेले. झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत पांढरं. वास असा की डोळ्यात पाणी यावं, अन् तो पौषात यायचा वास नव्हताच. अंकुशनं कुदळ मारली. आळ्यातली माती राखेसारखी उडाली. त्यानं आणखी खोल खणलं. खालीही राख. ड्रिपच्या नळीच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं, ते जसंच्या तसं.

अंकुश टोपी काढून डोकं खाजवत राहिला. "मुळी गेली असंन कुठंतरी ओलीले," तो म्हणाला.

"हो, गेली असंन," मनकर्णाबाई म्हणाली. दोघांनाही ते पटलं नाही, पण सोबत चहा प्यायला ते पुरलं.

३

त्याच आठवड्यात चंचलचा फोन आला. वर्गातल्या पोरी भोवती जमल्या होत्या, त्यांची कुजबुज ऐकू येत होती.

"आजी, मी पोरींना सांगून राहिली, की माझी आजी एकदा ऐकते अन् पाठ होते. विश्वास नाई बसत यांचा. तळ्याची म्हण न."

"कोनती?"

"तळ्याची गं. तुझी आवडती."

मनकर्णाबाईनं तोंड उघडलं. आत काही नव्हतं. विसरलेली गोष्ट जिभेच्या टोकाशी येते, घोटाळते, तसंही नाही. दात पडल्यावर जीभ जशी रिकाम्या जागेत जाते, तशी ती जात राहिली.

"तळ्याची कोनती नव्हतीच बाई. ढगाची हाय, बगळ्याची हाय."

"अशी काय करते आजी! मागच्या रविवारी तू म्हटली, मी तुझा आवाजच भरून घेतला होता. थांब, ऐकवते."

मग फोनमधून एक म्हातारी बोलू लागली. जरा घोगरी, थांबत थांबत बोलणारी. तळ्याकाठी बसले होते, म्हणाली. मनकर्णाबाई कान देऊन ऐकत राहिली. आवाज तिचाच होता, तो ओळखू येत होता. पण ती बाई काय म्हणते आहे ते मनकर्णाबाईनं जन्मात ऐकलं नव्हतं. शेवटच्या ओळीला ती अगदी पहिल्यांदा हसावं तशी हसली. किती सोपं अन् किती खरं!

"छान हाय गं," ती म्हणाली. "कोनाची?"

पलीकडं पोरी खिदळल्या. चंचल हसली नाही.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना तिनं ती पुन्हा म्हणून पाहिली. काल फोनवर ऐकलेलं, एवढं आवडलेलं. तेही राहिलं नव्हतं. म्हातारपण, ती मनाला म्हणाली. शेजारच्या शकुबाईची सासूही अशीच विसरायला लागली होती, चहा पिऊन चहा मागायची. पण मग म्हैस कशी आठवते? खारट वरण कसं आठवतं? कपाटातली बाकी सारी भांडी जागच्या जागी, अन् नेमकं एकच कोणी उचलून नेलं, त्याला म्हातारपण म्हणायचं काय?

अन् हातातली मेथी तशीच धरून ती बसून राहिली. ती कविता तिनं शेवटची कुठं म्हटली, ते तिला आठवलं होतं.

४

खरंखोटं करायचं तर एकच मार्ग होता. मनकर्णाबाई बगीच्यात गेली, फुललेलं झाड सोडून त्याच्या पलीकडच्या झाडाखाली बसली. पानं वळलेली, चामड्यासारखी. तिनं बुंध्याला हात लावला अन् ढगाची म्हटली.

एक ढग वाट चुकला,
माझ्या शेतावरती थकला.
ना गडगडला, ना बरसला,
थोडा वेळ नुसता बसला.

पहिल्या ओळीला राघू थांबले. दुसरीला रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज मागं सरकला, जसं कोणी दार लोटून घ्यावं. तिसरीला तिला कळलं की आता हा सारा बगीचा, इथून बांधापर्यंत, एकेक पान वळवून तिच्याकडं कान करून आहे. पळावं असंही वाटलं. पण खरं सांगायचं तर त्याच्याहून मोठं दुसरंच काही वाटलं. इतक्या वर्षांत तिचं बोलणं शेवटपर्यंत कोणी ऐकलं होतं? मालक चांगले होते, पण 'हं' म्हणत झोपी जायचे. अंकुशचं अर्धं ध्यान मोबाइलमध्ये. सून रूपाली गुणाची, पण तिची भाजी करपायची वेळ नेमकी आजीच्या गोष्टीच्या मध्यावर यायची. अन् इथं? इथं एक काडी हलत नव्हती. इथं चौथी ओळ ऐकायला पाखरांनी श्वास धरला होता.

चौथी ओळ तिनं हळू म्हटली. चवीनं.

सकाळी ते झाड पांढरं झालेलं. ढगाची कविता गेलेली. म्हणजे एक ढग होता एवढं कळत होतं, कारण पुढं चंचलनं सांगितलं. पण तो ढग तिचा नव्हता.

शहाणं माणूस इथं थांबलं असतं. मनकर्णाबाईही थांबणार होती. पण तिनं आपल्या मनाशी असा हिशेब मांडला: कविता पुस्तकात आहेत, पोरगी पुन्हा धाडेल. राहत नाही तर न राहो, रोज नवी म्हणून ऐकू. आपलं असं काय जातं? अन् समोर फुलं केवढी! वाळल्या रांगेत एकेक झाड पांढरं होत गेलं. मधमाश्या कुठून कुठून आल्या. त्या झाडांखाली उभं राहिलं की देवळात गाभाऱ्याशी वाटतं तसं वाटे, बोलू नये अन् निघूही नये.

चंचलच्या मुरलेल्या कविता सरल्या, नव्या काही पाठ होईनात. मग तिनं भुलाबाईची गाणी दिली. मग जात्यावरच्या ओव्या, लेकीच्या, पावसाच्या, वाटेवरच्या पिंपळाच्या. देताना प्रत्येक वेळी तोच कान लागायचा, तीच शांतता, अन् सकाळी तोच वास. अंकुशनं आता विचारणं सोडलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायचा, "नवीन जातीचं कलम असंन," अन् आईच्या तोंडाकडं पाहायचा.

५

शकुबाई बगीच्यात वाळल्या काड्या न्यायला यायची. शेजारची, वयानं बरोबरीची, जिभेला हाड नसलेली. फुललेली रांग पाहून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काहो मनकर्णाबाई, ताणात फुलोरा! झाडाचं लगन लावलं काय?"

"लावलं तं. तुले आवतन नाई भेटलं?"

"मंग उखाणा घ्या. लगनात बुढ्ढीनं उखाणा नाई घेतला तं मजा कायची?"

"जाय वं, या वयात!"

"घ्या न बाई. कोण हाय इथं ऐकाले?"

मनकर्णाबाईनं पदर डोक्यावरून सारखा केला. एका वाळल्या झाडाला टेकून उभी होती, ते तिच्या ध्यानातही नव्हतं. अन् मांडवातल्या त्या दिवशी, सासूच्या नाकावर टिच्चून घेतला होता तोच उखाणा तिनं घेतला:

"संत्र्याच्या फुलाले वास येते लय,
भगवंतरावाचं नाव घेते, सासूचं नाई भय!"

शकुबाई हसता हसता खाली बसली. तिचं हसणं एकाएकी तुटलं. "राघू काहून गप झाले वं?" ती म्हणाली, अन् काड्यांचा भारा अर्धाच बांधून निघून गेली.

नवऱ्याचं नाव घ्यायची मनकर्णाबाईला सवय नव्हतीच. जन्मभर 'मालक', नाही तर 'अंकुशचे बाबा'. म्हणून कोणाच्या काही ध्यानात आलं नाही. तिच्याही नाही. पुढं गावात कागद तपासायचं सरकारी शिबिर लागलं, तिथं टेबलामागच्या पोरानं विचारलं, "आजी, पतीचं नाव?"

मनकर्णाबाई लाजल्यासारखी हसली अन् तिनं अंकुशकडं पाहिलं. रांगेतल्या बायाही हसल्या. जुन्या काळची माणसं, नाव कशी घेतील!

"भगवंतराव," अंकुश म्हणाला.

कोण बाई हे, म्हणून मनकर्णाबाईनं मागं वळून पाहिलं.

घरी आल्यावर ती भिंतीवरच्या हाराच्या फोटोपुढं उभी राहिली. तोंड ओळखीचं होतं. याच माणसाबरोबर संसार केला, याच्याच हातची ही झाडं. चहात साखर कमी, उजवा गुडघा दुखायचा, सारं होतं. नाव तेवढं नव्हतं. अंकुशनं दुपारी सांगितलेलं पुन्हा आठवून पाहिलं, तर तेही फोनमधल्या कवितेसारखं सांडून गेलं होतं.

पुस्तकातलं परत मागता येतं. हे कोणाकडून मागणार?

त्या दिवसापासून मनकर्णाबाईनं बगीच्याची वाट बंद केली. रात्री अंथरुणावर मायचं गाणं म्हणताना ती ओठही हलवेना. खिडकी लावून घ्यायची.

६

ताण पुरा झाला. अंकुशनं पूजा केली, नारळ फोडला, मोटर सुरू केली. आळी काठोकाठ भरली.

सकाळी पाहतो तर आळी भरलेलीच. दुसऱ्या दिवशीही. कोरड्या मातीवर पाणी, अन् माती ते पीत नाही. झाडाझाडाखाली गोल आरसा ठेवल्यासारखं, त्यात आभाळ. अंकुशनं हातानं माती कालवली. हात काढताच पाणी निवळ झालं अन् तळाची माती कोरडीच वर आली. फुललेली रांग तेवढी ताजी. बाकीची पानं आता वळायची थांबून गळायला लागली होती. शेतीखात्याचे साहेब आले, मातीचा पुडा घेऊन गेले, जाताना त्यांनी दोनदा मागं वळून पाहिलं.

अंकुश ताटावर बसायचा अन् घास हातात धरून राहायचा.

"झाडं पानी घेऊन नाई राहिले, आई. मी काय चुकलो? बाबा असते तं सांगितलं असतं. लेकरासारखे वाढवले होते त्यायनं. माह्या हातानं मरून राहिले."

"जेव रे," ती म्हणाली.

"कसा जेवू?"

काय चुकलं ते तिला माहीत होतं. ताणावरच्या झाडांना तिनं दुसऱ्याच पाण्याची चव लावली होती.

दुपारी ती गेली. आधी फोन नेला, चंचलच्या आवाजातल्या कविता एकामागून एक लावल्या, बुंध्याशी फोन टेकवून. राघू ओरडतच राहिले. आवाजामागची मालगाडी धडधडत राहिली. फोनमधलं काहीच लागू पडत नव्हतं. माणसाच्या आत मुरलेलं हवं होतं. नवी कविता पाठ करायला बघितली, ती जिभेवरून घरंगळून गेली. पोटात हात घालून शोधावं तसं तिनं शोधलं. भुलाबाई गेलेली, ओव्या गेलेल्या.

एकच उरलं होतं. अन् ते आठवताच, मनात नुसतं आठवताच, राघू गप्प झाले.

मनकर्णाबाई चपला हातात घेऊन घरापर्यंत पळत आली.

७

दोन्हीकडून तिनं विचार करून पाहिला. एका बाजूला मरत चाललेला बगीचा अन् न जेवणारं पोरगं. दुसऱ्या बाजूला हनुवटीवरचं गोंदण, नाकातली मुरणी. ते गेलं की जगात तिच्या मायला ओळखणारं कोणीच उरणार नव्हतं. मेलेलं माणूस पुन्हा एकदा मरणार होतं.

तिनं चंचलला फोन लावला.

"एक गाणं सांगते. तुह्याजवळ ठेव. मले परत नोको सांगू, मले नाई राहणार."

"आजी, बरं नाई काय तुला? मी येऊ का?"

"ये रविवारी. आता ऐक." अन् तिनं आयुष्यात पहिल्यांदा ते मोठ्यानं सांगितलं, घरात, दारखिडक्या लावून.

चंचलनं ते वहीत उतरवून घेतलं. "किती सोपं आहे गं. कोणी लिहिलं?"

"लिहिते कोन? मायनं म्हटलं, मी ऐकलं."

सांज व्हायला आली तेव्हा ती बगीच्यात शिरली. उजेड होता अजून, पिवळा, आडवा. भरलेल्या आळ्यांतून तो वर येत होता, त्यामुळं झाडं खालून उजळल्यासारखी दिसत होती. ती आत, अगदी मधोमध गेली. बसली. डोळे मिटून आधी मायला पाहून घेतलं. घाई केली नाही. गोंदणाचे ठिपके पाहिले, मुरणीचा खडा पाहिला, डाव्या भुवईतली कापल्याची खूण पाहिली. "चाल माय," ती म्हणाली. "पोरासाठी देते. तुह्या नातवासाठी."

बरडावरची बाभूय एकली,
तिची सावली तिलेच टेकली.
कोणी नाई तं नाई बाई,
मनके, म्या तं तुले देखली.

राघू थांबले, रस्ता थांबला, हे तिला ओळखीचं होतं. यावेळी तिचा आपला श्वासही ऐकू येईना. एवढी मोठी शांतता, अन् ती साऱ्या बाजूंनी तिच्याकडं तोंड करून. भीती वाटायला हवी होती. पण तिचे हात आपोआप जोडले गेले.

मग पायाशी आवाज झाला. घोट घेतल्याचा. शेजारच्या आळ्यात, त्याच्या पलीकडच्या, मग दूर बांधापर्यंत, तहानलेली गुरं हौदावर पाणी पितात तसा. आरसे एकेक करून खाली गेले. माती काळी झाली. अन् वाळल्या काड्यांवर पांढरं फुटू लागलं, सकाळची वाट न पाहता, तिच्या डोळ्यांदेखत, इतकं की अंधार पडायचा तो पडायचा थांबला.

मनकर्णाबाई उठली. आपण इथं कशाला आलो होतो, तिला सांगता आलं नसतं. छातीत हलकं हलकं वाटत होतं, अन् एक जागा रिकामी होती, पण कशाची ते कळत नव्हतं. फुलं मात्र! असा फुलोरा बाई कोणी कधी पाहिला असेल काय?

पुढच्या झाडाखाली एक बाई बसली होती.

पाठमोरी, जुन्या तऱ्हेचं लुगडं नेसलेली, वावराच्या राखणीला बसतात तशी, एक गुडघा उभा. मजूरबाई असेल. पण या वेळेला? बाईनं मान जराशी वळवली. गालाची कड दिसली, हनुवटीवर हिरवं गोंदण, नाकात बारीकसं काही चमकलं. मनकर्णाबाईनं निरखून पाहिलं. चेहरा चांगला होता, मायाळू. पण ओळखीचा नव्हता.

बाई हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होती. बाभळीचं होतं, सावलीचं होतं. शेवटी तिनं एका पोरीला हाक मारली, मनके म्हणून. मनकर्णाबाईनं मागं वळून पाहिलं. तिथं कोणी पोरगी नव्हती.

बाईनं बसल्या बसल्या सरकून आपल्या बाजूला जागा केली.

दूर मोटरघराजवळ अंकुश ओरडत होता, "आई! आई वं! पाह्य न, झाडं पानी पेले!" तो रडत होता की हसत होता ते इथून कळत नव्हतं. मनकर्णाबाईनं त्याला हात केला. मग पदर सावरून त्या अनोळखी बाईच्या बाजूला टेकली. माती ओली होती, गार, अन् तिथून उठावंसं वाटेना.

"लय सोपं गाणं हाय बाई तुह्यं," ती म्हणाली. "ऐकल्या ऐकल्या समजते. पुन्हा म्हण न. मी ऐकून राहिली."